थुंकीला काय पढवणार?

कपडे बदलायच्या खोलीत आता दोघीच उरल्या होत्या, लेस्या आणि तिची जिवलग मैत्रीण मार्नी. बर्फावरच्या हॉकीचा सराव संपवून बाकीच्या पोरी कधीच पळाल्या होत्या. बाहेर उणे तिशीच्या थंडीत लेस्याची आई गाडी चालू ठेवून बसली होती, आणि लेस्याच्या मुठीत दवाखान्यातून आणलेली नळी होती.

रविवारी बर्फावर तीन पोरी तिच्या अंगावर कोसळल्या होत्या आणि तिचं डोकं गोलच्या खांबावर आपटलं होतं. तेव्हापासून ते ठणकत होतं. शनिवारी फायनल, आणि यॉर्कटनच्या टीमची गोलरक्षक ती! डॉक्टर म्हणाले होते, हा कापसाचा बोळा गालात धर, भिजला की नळीत घाल. डोकं लवकर सावरेल की महिना घेईल, याचा अंदाज म्हणे मुलांच्या थुंकीतून येतो.

बाकीच्या तपासण्यांची तिला भीती नव्हती. हंगामाच्या आधी कॉम्प्युटरवर परीक्षा होते, मार लागला तर नंतर ताडून बघायला. ती अख्खी टीम मुद्दाम ढ बनून देते. म्हणजे डोकं फुटलं तरी मार्क तेवढेच! ही शक्कल मार्नीची. महिने उलटे म्हणणं, एका पायावर उभं राहणं, सगळं तिनेच लेस्याकडून घोटून घेतलं होतं. पण थुंकीला काय पढवणार?

"मार्नी, बोळा तू धर ना तोंडात."

बुटांची नाडी सोडणारी मार्नी थांबली. "मी? ई! मी आत्ताच चिप्स खाल्लेत."

"मग चूळ भर."

"ब्रुकला विचार."

"ब्रुक गेली. अगं, आई हॉर्न वाजवेल आता! एवढ्या युक्त्या शिकवल्यास आणि थुंकायला लाजतेस?"

"माझी नको म्हटलं ना!" मार्नी केवढ्यांदा ओरडली, आणि ओरडताच तिने डोळे गच्च मिटून घेतले.

लेस्याला एकदम आठवलं. रविवारी कोसळलेल्या तिघींत मार्नी होती. सगळ्यांत खाली.

"महिने उलटे म्हण."

"वेडी आहेस का?"

"म्हण."

"डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर..." मार्नीने ओठ चावला. "ऑगस्ट... नाही, थांब..."

लेस्या तिच्या शेजारी टेकली.

"कोणाला सांगितलंस?"

"कोणाला सांगू? तू बाहेर, मीही बाहेर, मग गोल कोण अडवणार, कोण मारणार? कोच?" मार्नी हसायला गेली, पण ते जमेना. "काल दोनदा उलटी झाली. शनिवारपर्यंत बरं वाटेल. लेस, तू नाही सांगायचंस हं. आपण मैत्रिणी आहोत."

"शनिवारी पुन्हा कोणी आपटलं तर?"

"नाही आपटणार."

"तुला कोणी सांगितलं?"

बाहेर हॉर्न वाजला. लेस्याने बोळा स्वतःच्या गालात कोंबला. तोंड इतकं कोरडं पडलं होतं की तो भिजतोय की नाही, तेच कळेना. मग तिने मार्नीची बाही पकडली आणि ओढलं.

"सोड! चोंबडी कुठली! जन्मात बोलणार नाही तुझ्याशी!"

लेस्याला तोंड उघडता येत नव्हतं. ते बरंच होतं, नाहीतर ती रडली असती. दार, पायऱ्या, बर्फ. मार्नी शिव्या देत होती, आणि तरीही चालत होती.

आईने काच खाली केली. "आता हिला कुठे सोडायचंय?"

लेस्याने बोळा काढून नळीत घातला आणि झाकण घट्ट लावलं. "दवाखान्यात. रविवारी तिलाही लागलंय. आणि तिच्या आईला फोन कर."

आईने मार्नीकडे नीट पाहिलं आणि मागचं दार उघडलं. मार्नी चढली, खिडकीला कपाळ टेकवून बसली. शनिवारची फायनल दोघींच्या हातून गेली होती, हे दोघींनाही कळत होतं.

गाडी वळली तेव्हा मागून बारीक आवाज आला, "मिसेस कोवालचुक, तो गाडीतला दिवा घालवाल का? डोळ्यांत घुसतोय."