उधव्याचं एक बटण

मनिषचा मला राग येतो, हे आधीच सांगून टाकतो. तलासरीजवळच्या उधवा गावात पत्र्याच्या खोलीत जुना लॅपटॉप घेऊन बसतो आणि कुणाचं गाणं आवाज नीट करायला आलं की स्क्रीनवरचं एकच गोल बटण फिरवतो. मॅक्सिमायझर म्हणतात त्याला. बारीक आवाज वर येतात, सगळं गाणं दणकून वाजतं, झालं काम! मी मुंबईला दोन वर्षं साउंडचा कोर्स केला, डहाणूजवळ आशागडला आमच्या वाडीतल्या चिकूच्या गोदामात स्टुडिओ थाटला. माझ्याकडे मल्टीबँड कंप्रेसर आहे. गाण्याचा खालचा, मधला, वरचा आवाज वेगळा करायचा आणि ज्याला जितकं हवं तितकं दाबायचं. त्याला अक्कल लागते.

आमच्या भागातली गायिका योगिता, तिने लग्नसराईचं नवं गाणं माझ्याच स्टुडिओत गायलं. पण निघताना बाईसाहेब म्हणाल्या, "जतीन, रागवू नको हां. हेच रेकॉर्डिंग मी मनिषलापण देणार. ज्याचं आवडेल ते माझ्या यूट्यूब चॅनलवर टाकीन. नावपण त्याचंच."

मी हसून हो म्हटलं. आत नुसता जळफळाट.

नऊ दिवस घासलं मी ते गाणं. ढोल दाबला, गळ्यातली खरखर दाबली, मधली श्वासांची फुसफुस पार पुसून काढली. गाणं धुतलेल्या ताटासारखं लख्ख झालं. मनिषने एका दुपारीत उरकलं. आणि योगिताने त्याचं घेतलं!

मग तलासरीपासून डहाणूपर्यंत ज्या रिक्षात बसावं तिथे तेच. वर लोक मलाच सांगायचे, दुसऱ्या कडव्याआधी ती हसते ना, तिथे काय मजा येते! कुठलं हसू? माझ्या गाण्यात हसू नव्हतंच. मनिषने कुठून तरी आणून चिकटवलं असणार. आता सापडला, म्हटलं. बाइक काढली आणि थेट उधव्याला गेलो.

"हसू कुठून आणलंस?" मी दारातूनच विचारलं.

"कुठून म्हणजे? तुमच्याच रेकॉर्डिंगमधलं हाय," मनिष म्हणाला आणि त्याने मूळ फाइल लावली.

होतं. अगदी बारीक. त्याने बटण फिरवलं तसं वर आलं. मी नऊ दिवस फुसफुस म्हणून जे पुसत होतो, ते हे.

"तुम्हीच हसवलेलं तिला," तो म्हणाला. "योगिता बोलली, तुम्ही कायतरी बोललात आणि ती तशीच हसतहसत गायला लागली. काय बोललेलात, दादा?"

मी खूप आठवून पाहिलं. गाताना तिचा चेहरा कसा होता, तेही आठवेना. पूर्ण वेळ मी स्क्रीनवरच्या रेघा बघत होतो.

"विसरलो," मी म्हणालो.

मनिषने गाणं पुन्हा लावलं. दुसऱ्या कडव्याआधी ती पुन्हा हसली.