आठ तांबडे आणि मी

मी बोलतोय, मलेशियातल्या इपो शहरातल्या सू यिनच्या पार्लरमधला काळा मासा. अंग काळंभोर, शेपटी लालचुटूक. केस कापायला येणाऱ्या बायका मला ‘तो गुंड’ म्हणून ओळखतात. माझी बाजू आजवर कुणी विचारली नाही, म्हणून आज आपणहून सांगतोय.

माझा जन्म कथलाच्या एका जुन्या खाणीत झाला. खाण बंद पडली, खड्ड्यांत पाणी साचून तळी झाली आणि एका माणसाने त्यांत मासे वाढवायला सुरुवात केली. आम्ही भावंडं किती होतो, ते त्यालाही सांगता आलं नसतं. आमच्या जातीला शेजार फार सोसत नाही, हे आधीच कबूल करतो. आपला एक दगड असावा, आपली एक कपार असावी आणि तिथे दुसऱ्याने नाक खुपसू नये, एवढंच आमचं म्हणणं. पण तळं अफाट होतं. दोघांचं वाजलं की एक जण निघून जायचा आणि थोडं पुढे गेलं की भांडण कशावरून होतं तेही विसरायचा. तिथे कुणाची शेपटी फाटलेली मला आठवत नाही.

मग एक दिवस जाळं आलं, हवा भरलेली पिशवी आली आणि मी बाजारातल्या मासेवाल्याकडे पोहोचलो. तिथून सू यिनने मला उचललं.

सू यिन पंचेचाळिशीची, एकटीच्या हिमतीवर पार्लर चालवणारी बाई. समोरच्या रस्त्यावर एक नवं चकचकीत पार्लर उघडल्यापासून तिची गिऱ्हाइकं तिकडे वळू लागली होती. म्हणून तिने वास्तू बघणाऱ्या लाऊ सिफूंना बोलावलं. ते म्हणाले, दारासमोर काचेची टाकी ठेव. आत आठ तांबडे मासे सोड आणि एक काळा. तांबडे भरभराट आणतील, घरावर येणारं दुर्दैव काळा गिळेल. टाकीमागे मोठा आरसा लाव, म्हणजे आठाचे सोळा होतील. आणि आत दगड, झाडं, काही नको. संपत्तीची वाट अडते.

झालं! माझी नेमणूक दुर्दैव गिळायच्या कामावर झाली. पगार दिवसाला चिमूटभर खाणं.

आठ तांबडे स्वभावाने बरे होते. शेपटीला तलवारीसारखं टोक, पण आव नुसता. माझं त्यांच्याशी वाकडं नव्हतंच. माझं वैर होतं त्या दुसऱ्या काळ्याशी.

हो, दुसरा काळा! पाण्यात पाऊल टाकलं... पाऊल कसलं, तोंड घातलं, तर समोर तो हजर. माझ्याएवढाच, तशीच लाल शेपटी. मी कल्ले फुगवले, त्यानेही फुगवले. मी चाल करून गेलो, तोही आला आणि माझ्या नाकाला काच लागली. आमच्यात कमजोर असतो तो पळतो. हा पळेचना! सकाळी तो, दुपारी तो, तुकडा तोंडात घ्यावा तर तोही तोंड उघडून उभा. लपायला एक खडादेखील नव्हता. मागे वैरी, पुढे काचेवर टकटक करणाऱ्या बायका, डोक्यावर केस वाळवायच्या यंत्रांची घरघर. डोकं फिरणार नाही तर काय होईल? आणि डोकं फिरलं की जो जवळ सापडेल त्याच्यावर मी तुटून पडायचो. जवळ सापडायचे ते बिचारे तांबडे.

“बघा, कसे पकडापकडी खेळतायत!” बायका म्हणायच्या.

काळजीने माझा रंग उडाला. काळ्याचा मी राखाडी झालो. सू यिनला मात्र हर्षच झाला.

“वल्ली आंटी, बघितलंत? पांढरा पडत चाललाय! किती दुर्दैव गिळलं असेल बिचाऱ्याने!”

वल्ली आंटी म्हणजे कनगवल्ली, तिचं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक. इस्पितळात मुलांच्या वॉर्डात तीस वर्षं नर्स होत्या. केस रंगवायला आल्या की तासभर माझ्यासमोर बसायच्या.

“दुर्दैव गिळून कुणी पांढरं पडतं का गं?” त्या म्हणाल्या. “आजारी दिसतोय मला तो.”

तेवढ्यात एक तांबडा मेला. सू यिनने हात जोडले, “टळलं बाई मोठं संकट, माशावर निभावलं!” आणि दुसरा आणून सोडला. मग आणखी एक मेला. पुन्हा हात जोडले, पुन्हा नवा. नव्या येणाऱ्याला काही ठाऊक नसायचं. तो थेट माझ्या वाटेत यायचा.

चौथा गेला तेव्हा चिनी नवं वर्ष तोंडावर आलं होतं. त्याआधीचे दिवस म्हणजे पार्लरचा सुगीचा काळ, कारण नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी केसांना कुणी कात्री लावत नाही. अशा वेळी दारात तांबडा मासा मेलेला! सू यिनचा चेहरा उतरला.

शेजारच्या कॉफीच्या दुकानाचा मालक चिन काका बघायला आला. त्याच्याकडे हातभर लांबीचा अरोवाना मासा आहे, सोनेरी. त्याचे लाड असे की काय सांगावं.

“हा काळाच खुनी आहे,” चिन म्हणाला. “मला दे. माझ्या सोन्याचा नाश्ता होईल.”

“घेऊन जा,” सू यिन म्हणाली. मी तळाला चिकटलो.

“थांब गं जरा,” वल्ली आंटी डोक्याला रंग थापलेला तशाच उठल्या. “आमच्या वॉर्डात एखादं पोर चावायचं, तेव्हा आम्ही आधी त्याला काय दुखतंय ते बघायचो. मी महिनाभर बघतेय. हा आधी मागच्या आरशावर धडकतो आणि मग तांबड्यांना मारतो. दर वेळी! त्याला वाटतं, मागे कुणी दुसरा आहे. आरसा झाक.”

“आरसा झाकू?” सू यिन किंचाळलीच. “आमच्यात घरात मयत झाली की आरसे झाकतात! नव्या वर्षाच्या तोंडावर? अहो, काहीतरी शुभ बोला!”

वल्ली आंटींनी टाकीकडे बघितलं. माझा जीव खालीवर. मग त्या हसल्या. “आरशाला हात नको लावू. टाकीला नवे कपडे कर. तुमचा तो लाल कागद आहे ना, सोनेरी अक्षरांचा? तो टाकीच्या पाठीवर चिकटव.”

“मग आठाचे सोळा कसे होणार?”

“आठ जगले तरी पुष्कळ झालं!”

दुसऱ्या दिवशी त्या पोंगलला दूध उतू घालवायचं आपलं छोटं मडकं घेऊन आल्या, स्वच्छ घासलेलं. “हे आडवं ठेव आत. त्यालाही टेकायला जागा हवी.”

“संपत्तीची वाट अडेल, आंटी!”

“आमच्याकडे भरल्या मडक्यालाच संपत्ती म्हणतात. ठेव मुकाट्याने.”

शेवटी ठरलं ते असं. नव्या वर्षाच्या पंधराव्या दिवसापर्यंत एक जरी तांबडा मेला, तर मी चिनच्या सोन्याच्या पोटात.

लाल कागद लागला आणि तो दुसरा काळा नाहीसा झाला. मी चार वेळा जाऊन खात्री केली. मग मडक्यात शिरलो, पाठ टेकवली आणि कितीतरी दिवसांनी गाढ झोपलो. तांबडे तोंडाशी येऊन डोकावले. मी नुसती शेपटी हलवली, ते समजून निघून गेले. आठवड्यात माझा काळा रंग परत आला. सू यिन घाबरली, “अगं बाई! गिळलेलं सगळं ओकला की काय?”

“आता गिळायला काही उरलं नाही,” वल्ली आंटी म्हणाल्या.

पंधरावा दिवस उजाडला. आठही तांबडे ठणठणीत होते. रीतीप्रमाणे सू यिनने दारावरचे कंदील उतरवले, तोरणं उतरवली आणि सरळ टाकीकडे आली. तिने लाल कागदाचं एक टोक धरून सोललं.

तो तिथेच होता!

पुढचं मला नीट आठवत नाही. मी धडकलो, वळलो आणि वाटेतल्या तांबड्याच्या शेपटीचा लचका तोडला. नेमका त्याच वेळी चिन काका हातात वाडगा घेऊन दारात उभा.

“बघ! गुंड तो गुंडच. आण इकडे.”

सू यिन हलली नाही. तिने हातातल्या कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग कागद परत दाबून बसवला, चारही कडांना चिकटपट्टी मारली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी हळूहळू मडक्यात गेलो.

“वाडगा घेऊन जा, चिन,” ती म्हणाली. “हा माझ्याकडेच राहणार.” मग ती गिऱ्हाइकाच्या खुर्चीत मटकन बसली. “मी तरी काय वेगळी आहे? सकाळी नऊपासून सहा आरशांसमोर उभी. जिकडे बघावं तिकडे तीच दमलेली बाई, आणि खिडकीतून ते नवं पार्लर. काल एका म्हाताऱ्या बाईवर खेकसले, का तर तिने मान हलवली.”

चिन वाडगा घेऊन गेला. थोड्या वेळाने त्याच वाडग्यात तो तिच्यासाठी गरम नूडल्स घेऊन आला.

आता माझं बरं चाललंय. फाटलेली शेपटी भरून आली आणि तिचा मालक मडक्याच्या दारावरून बिनधास्त जातो. कधी मी त्याच्या मागे धावतोही, पण दोन वीत, नुसतं दाखवायला. तुम्हांला एवढंच विनवतो, आमच्यातला कुणी चावरा झाला तर त्याला गुंड ठरवून मोकळे होऊ नका. त्याच्या समोर तुम्ही काय ठेवलंय, आणि त्याला मागे सरायला जागा तरी ठेवलीय का, ते बघा.

सू यिनने मागच्या खोलीतले डबे आवरून तिथे एक खुर्ची टाकली आहे. त्या खोलीत एकही आरसा नाही. दुपारी दोन वाजता ती आत जाते आणि पडदा ओढून घेते. काल एक गिऱ्हाईक आलं, इकडेतिकडे बघून ओरडलं, “सू यिन, कुठे आहेस गं?”

पडद्याआडून, तोंडात नूडल्स असताना, उत्तर आलं, “मडक्यात! अर्ध्या तासाने या!”