भिकाबाईच्या दाढेला धरताना

मी भिकाबाईच्या हिरडीतली एक पेशी बोलतेय. आमचं काम एकच, दाताच्या मुळाला धरून बसायचं. तेच आता जमेना, आणि का जमेना तेही कळेना.

माझा जन्म शिरड शहापूरचा, भिकाबाईच्या डाव्या दाढेपाशी. मुळावर कीटण दगडासारखं बसलेलं, त्याला धरणार कोण? दाढ हलायला लागली तशी भिकाबाई घाबरली. उजवीकडच्या दाढा कधीच गेलेल्या. हीही गेली तर भाकरी चावायची कशानं?

औंढ्याच्या दाताच्या डॉक्टर शाहिस्ताबाईंनी हिरडी उघडली, मूळ खरवडलं, त्यावर कसलंसं आंबट औषध लावून धुतलं आणि टाके घातले.

"आता हिरडीनं मूळ धरलं तर दाढ राहील, न्हाई तर काढावी लागंल. तिथं ब्रश लावू नका. तंबाखू खाता का?"

"न्हाई बाई! आमच्या घरात कोणी शिवत बी न्हाई."

ती खोटं बोलत नव्हती. तंबाखूचीच पानं तव्यावर काळीभोर भाजून कुटलेली मिश्री तिच्या लेखी तंबाखू नव्हतीच. शिवाय ती खात कुठं होती? रोज सकाळी दातांना लावत होती, एवढंच.

मी मुळाकडे पाहिलं तर ओळखच पटेना. इतकं स्वच्छ? औषधानं त्याच्यावरचे, आम्ही ज्यांना धरतो ते बारीक धागे उघडे पडले होते. धरावं, की हा दुसऱ्याच कुणाचा दात? तेवढ्यात वरच्या कातडीच्या पेशी घाईनं खाली उतरताना दिसल्या. त्या आधी पोचल्या असत्या तर मला जागाच उरली नसती. भीतभीत मी एक पाय टाकला. टिकला! दुसरा टाकला. मला रडूच आलं.

ठणक्यामुळे भिकाबाईनं दोन-तीन दिवस तोंडात बोट घातलं नाही. मग तिची जाऊ केशरबाई आली.

"गाल धरून काहून बसलीस गं? जराशी मिश्री लाव, हिरडी घट्ट व्हईल."

भिकाबाईनं ब्रशला हात लावला नाही; डॉक्टरांचा शब्द तिनं बराबर पाळला. बोटावर चिमूटभर मिश्री घेतली आणि दुखऱ्या जागी मायेनं चोळली. माझा एक पाय सुटला. चुकलं कुणाचं? मुळाचं, माझं, की त्या मायेचं?

भिकाबाई, एका पायावर का होईना, मी अजून धरून आहे. सोमवारी टाके काढायला जाशील, तेव्हा शाहिस्ताबाई पुन्हा तंबाखूचं विचारतील. तू काही बोलू नकोस. नुसतं ते काळं बोट त्यांना दाखव.