वाकडा घुमट

एके काळी पुरुषोत्तमरावांना बोला म्हणून सांगावं लागत नसे. पुण्याच्या आर्किटेक्चर कॉलेजात त्यांनी उभा जन्म शिकवण्यात घालवला. तास संपल्यावरही मुलं जिन्यात त्यांना गराडा घालून ऐकत राहायची. पण अमेरिकेत शुगर लँडला मुलाकडे कायमचं राहायला आले आणि त्यांचं बोलणं विहीर आटावी तसं आटत गेलं. निमिष भल्या सकाळी तेलाच्या कंपनीत जाई, सून आश्लेषा हॉस्पिटलात. बाहेर पडायचं तर गाडी हवी, गाडी चालवायला माणूस हवं, आणि बाहेरचा उकाडा असा की दार उघडलं की चष्म्यावर वाफ धरायची. पुरुषोत्तमराव खिडकीशी बसून समोरची एकसारखी घरं बघत. काय बघताय विचारलं तर "काही नाही" एवढंच उत्तर मिळे.

म्हणून महाराष्ट्र मंडळाच्या विवेकचा फोन आला, "काका, दिवाळीच्या कार्यक्रमात आर्किटेक्चरवर काहीतरी बोला ना," आणि पुरुषोत्तमराव चक्क हो म्हणाले, तेव्हा त्यांच्या पत्नी वसुधाताईंनी कुणाला काही न सांगता संध्याकाळी केशर घालून शिरा केला.

विषय काय असणार हे त्यांना विचारावंच लागलं नाही. रोममधलं सेंट इग्नेशियसचं चर्च!

एकाहत्तर साली लंडनचं शिक्षण आटपून परत येताना दोघं एक दिवस रोमला उतरली होती. तो दिवस वसुधाताईंच्या मनात अजून जसाच्या तसा होता. नवी चप्पल चावत होती आणि ऊन मी म्हणत होतं. चर्चचं जड दार ढकलून आत पाऊल टाकलं तर एकदम गारवा, अंधार आणि मेणबत्त्यांचा वास. मग हळूहळू डोळे सरावले. जिकडे बघावं तिकडे सोनं, रंगीबेरंगी संगमरवर, खांबांवर खांब. छतावर ढग, ढगांत तरंगणारी माणसं आणि देवदूत. बांधलेली भिंत कुठे संपते आणि रंगवलेली कुठे सुरू होते, काही कळेना.

"बरोक शैली म्हणजे हे असं," पुरुषोत्तमराव म्हणाले होते. "लग्नाच्या पंगतीसारखं. पोट भरलं तरी वाढणारा थांबत नाही."

आणि एवढ्या थाटाच्या त्या चर्चला घुमटच नव्हता. बांधायचा राहून गेला होता. म्हणून घुमटाच्या जागी वर भलंमोठं सपाट कापड ताणून त्यावर घुमट रंगवलेला होता, आतून दिसेल तसा, खांब-खिडक्यांसकट. पुस्तकांत लिहिलेलं, की तो अगदी खरा वाटतो. या दोघांना मात्र तो कलंडलेला दिसला, कुणाच्या तरी डोक्यावरून दळणाचा डबा घसरावा तसा! पुरुषोत्तमराव मान मागे टाकून खदखदून हसले होते. पुढे दरवर्षी वर्गात तो किस्सा रंगायचा. "त्या चित्रकाराचं गणित चुकलं, पण धीर बघा!" असं ते म्हणाले की मुलं वर्ग डोक्यावर घेत.

भाषणाच्या आदल्या दिवशी नात चैत्राली ऑस्टिनहून कॉलेजातून घरी आली. उन्हाळ्यात ती एका कोर्ससाठी रोमला जाऊन आली होती. आजोबा जेवून पडले होते, तेव्हा तिने किचनच्या टेबलावर लॅपटॉप उघडला.

"आजी, धिस वन बघ. आजोबांचं चर्च."

वसुधाताईंनी चष्मा लावला. घुमट सरळ होता. नुसता सरळ नाही, खोल, उंच, वरच्या झरोक्यातून उजेड झिरपतोय असा.

"हे दुसरं कुठलं तरी असेल गं."

"नो आजी, सेम चर्च! फ्लोअरवर बरोबर मध्ये एक राउंड स्टोन आहे. तिथे उभं राहायचं, की परफेक्ट दिसतो. बाजूला गेलं की क्रुकेड. दॅट्स द होल ट्रिक!"

वसुधाताईंनी आतल्या खोलीकडे नजर टाकली. मंडळात सगळे इंजिनिअर. त्यांतला एखादा तरी रोम बघून आलेला असणारच. आता सांगावं तर हा माणूस भाषण रद्द करून पुन्हा खिडकीशी जाऊन बसेल, आणि या खेपेला तिथून उठायचा नाही. न सांगावं तर चारचौघांत तोंडघशी पडेल.

"काय चाललंय?" पुरुषोत्तमराव दारात उभे होते. चैत्रालीने घाईने लॅपटॉप मिटायला हात घातला. वसुधाताईंनी तो हात धरला आणि खुर्ची पुढे ओढली.

"बसा. हे बघा."

त्यांनी बराच वेळ बघितलं. चैत्रालीने तो दगड पुन्हा समजावून सांगितला. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, परत बघितलं.

"विवेकला फोन लाव. म्हणावं, प्रकृती बरी नाही."

"प्रकृतीला काय धाड भरलीये? आत्ता दोन वाट्या आमटी प्यायलात."

"अगं, जन्मभर पोरांना चुकीचं शिकवलं मी! आता या वयात लोकांपुढे हसं करून घेऊ?"

चैत्राली अगदी कानकोंडी झाली. "आय ॲम सॉरी, आजोबा. पण तुम्हाला तो स्टोन दिसला नाही? हा बघा ना." तिने लॅपटॉपवर जमिनीचा फोटो उघडला.

"मी कशाला जमिनीकडे बघतोय!"

वसुधाताई मात्र पुढे वाकल्या. "अहो, हे तर कासव!"

"कसलं कासव?"

"देवळात गाभाऱ्यासमोर असतं ते! तुम्ही वर बघत चालला होतात आणि हा गोल दगड मला दिसला, देवाच्या बरोब्बर समोर. मी तुमची बाही ओढली, म्हटलं, पाय लागेल, आणि असं मधोमध उभं राहू नये. मग आपण कडेने गेलो. आणि तुम्ही खाली वाकून त्याला हात लावून नमस्कारसुद्धा केलात!"

"मी?"

"मग कोण? ती काळ्या कपड्यांतली बाई टकामका बघत राहिली होती."

पुरुषोत्तमराव डोळे मिटून बसले. "तू कोट ओढला होतास," ते सावकाश म्हणाले. "त्याचं बटण तुटलं होतं."

"वेट," चैत्राली म्हणाली. "तुम्ही त्या स्टोनच्या पाया पडलात?"

आधी पुरुषोत्तमरावांचे खांदे हलले, मग पोट हललं. "म्हणजे त्या बिचाऱ्याने उभं राहायला जागा आखून ठेवली, आणि आपण तिच्या पाया पडून बाजूला झालो!" हसता हसता त्यांना ठसका लागला. वसुधाताईंनी पाणी दिलं.

"लावू का विवेकला फोन?"

"कशाला? चैत्राली, बाजूने काढलेला फोटो आहे का तुझ्याकडे? कलंडलेला?"

"आहे, पण थोडा ब्लर आहे."

"चालेल. आधी तोच दाखवायचा."

दुसऱ्या दिवशी हॉल भरला होता. कासवाशी गोष्ट आली तेव्हा लोकांनी टाळ्या पिटल्या. मग पडद्यावर सरळ घुमट आला. पहिल्या रांगेत बसलेल्या वसुधाताई त्याच्याकडे बघत राहिल्या. देखणाच होता. पण परक्याच्या घरी आल्यासारखं वाटलं त्यांना. त्यांच्या घुमटाखाली चावणारी चप्पल होती, कोटाचं तुटलेलं बटण होतं, आणि मान मागे टाकून हसणारा काळ्याभोर केसांचा एक तरुण होता. या सरळ घुमटाखाली त्यांच्या ओळखीचं कुणीच नव्हतं.

"काका, म्हणजे गणित बरोबर होतं तर?" मागून कुणीतरी विचारलं.

"त्याचं बरोबर होतं हो. आम्हीच जरा जास्त सभ्य निघालो."

हशा ओसरतो न ओसरतो तोच एका मुलीने विचारलं, सपाट कापडावर खोली दिसते कशी? पुरुषोत्तमरावांनी फळ्यावर रेषा ओढायला घेतल्या. मग कुणी उजेडाचं विचारलं, कुणी खांबांचं. विवेक घड्याळ दाखवून दमला. शेवटी तो वाकून वसुधाताईंच्या कानाशी आला.

"काकू, आता तुम्हीच सांगा ना त्यांना. बटाटेवडे गार होतायत."

"होऊ देत," वसुधाताई फळ्यावरची नजर न काढता म्हणाल्या.