चेअरमनच्या मशीनचं दूध

आमच्या गावच्या दूध संस्थेत विजयसिंह चेअरमननं एक नियम काढला होता. ज्याच्या दुधात पाणी सापडेल, त्यानं सगळ्या रांगेसमोर आपल्या हातानं ते दूध गटारीत ओतायचं. पंच्याण्णव साली त्यानं माझ्या आईला, सोनूबाईला, तसं ओतायला लावलं. मी शेजारीच उभी होते, सातवीत. आमच्या म्हशीच्या दुधात पाण्याचा टिपूस नव्हता. आदल्या दिवशी त्याच्या मळ्यात फुकट वैरण कापायला आईनं नाही म्हटलं होतं, एवढाच तिचा गुन्हा. दूध ओतून झाल्यावर त्यानं तिच्यापुढं पायानं बादली सरकवली आणि म्हणाला, "वास मारंल. पाणी मार आणि धुऊन काढ."

आईनं संस्थेची पायरी धुतली. महिन्याभरात म्हैस विकली, किटली माळ्यावर टाकली आणि पुन्हा कधी त्या दारात गेली नाही. लोक म्हणतात, झालं गेलं विसरावं. मी काहीही विसरले नाही आणि मला त्याची लाजही वाटत नाही.

माझा भाऊ प्रसेनजीत मात्र विसराळू. तो वारणानगरकडं एका ठेकेदाराच्या बॅकहोवर ऑपरेटर होता. पुढं माती भरायचं मोठं सुपडं, मागं खोदायचा लांब हात, असलं ते मशीन. आपलं स्वतःचं मशीन असावं हा त्याचा ध्यास. दोन हजार दोनच्या दिवाळीत चेअरमननं आपला जुना बॅकहो विकायला काढला आणि दादानं तो घेतला. घेऊ नको म्हणून मी आडवी आले होते.

"माणूस वंगाळ असला म्हणून लोखंड वंगाळ असतंय व्हय?" दादा म्हणाला.

चेअरमननं मशीन धुऊन-पुसून, झेंडूची माळ घालून नवरीसारखं उभं केलेलं. गावच्या नळयोजनेची चर खोदायचं काम ग्रामपंचायतीनं दादाला दिलं, तेही नाक मुरडत. हे पहिलंच काम फसलं, तर आमच्या वस्तीतल्या पोराला दुसरं कुणी देणार नाही, हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं. आणि ते फसायलाच लागलं. वर उचलून धरलेला हात आपोआप खाली बसायचा. पंप आजाऱ्यासारखा कण्हायचा. एकदा तो हात एका गड्याच्या खांद्याला घासून खाली आला, तेव्हा दादानं मशीन बंद केलं.

उद्यमनगरातून आकाराम फिटर आला. त्यानं हायड्रॉलिकच्या टाकीत काडी बुडवून वर काढली. ऑइल मधासारखं स्वच्छ दिसायला पाहिजे. काडीवर दुधाळ चहा. त्याचा थेंब त्यानं तापलेल्या पत्र्यावर टाकला. तो तडतडला.

"पाणी हाय," आकाराम म्हणाला. "ह्यानंच पंप खाल्लाय."

मग त्यानं टाकीच्या वर बोट फिरवलं. आत-बाहेर हवा जायला तिथं जाळीची टोपी असते. तिच्या जागी एक रबरी बूच ठोकलेलं होतं. मशीन तापलं की ते ढिलं होणार आणि फटीतून पाणी आत जाणार. बूच मी बघताक्षणी ओळखलं. दुधाचं फॅट मोजायच्या काचेच्या बाटल्यांना आमच्या संस्थेत असलीच बुचं लावतात.

मी आणि दादा चेअरमनच्या घरी गेलो. मशीन परत घ्या, एवढंच दादा म्हणाला, तेही हात जोडून. चेअरमननं आधी बशीतला चहा संपवला.

"माझ्या दारातनं गेलं तवा मशीन चोख हुतं," तो म्हणाला. "पाणी तुमच्यात पडलं आसंल. तुमच्या घराला पाणी घालायची सवय जुनीच हाय की."

दादानं मान खाली घातली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आकारामनं इलाज सांगून ठेवला होता. मशीन हलवायचं नाही, पाणी तळाला बसू द्यायचं. मग खालचा नट सोडून ते काढायचं, पाठोपाठ सगळं ऑइल काढायचं. हलकं ऑइल घालून मशीनचे सगळे हात पुरते आत-बाहेर करायचे, तेही काढून टाकायचं. नवा फिल्टर, नवी टोपी, मगच चांगलं ऑइल. एवढं करून पंप वाचेलच, हे तो सांगत नव्हता. दादानं नट सोडला. आधी पाणी आलं, त्यामागून पांढरं ऑइल. त्यात पाणी असं मिसळलं होतं की ते वेगळं व्हायलाच तयार नव्हतं. तो ते डबक्यात फेकायला निघाला.

"थांब," मी म्हटलं आणि माळ्यावरून आईची किटली काढली.

"माझ्याजवळ दे ती," आई म्हणाली.

सकाळी आम्ही तिघं दुधाच्या रांगेत उभे राहिलो. आई पुढं. टेस्टर केरबानं किटली घेतली आणि सवयीनं त्यात लॅक्टोमीटर सोडला. तो सुळकन तळाला गेला. केरबानं वास घेतला.

"सोनूबाई, ह्ये काय आणलंयस?"

"चेअरमनच्या मशीनचं दूध," मी म्हटलं आणि बूच त्याच्या टेबलावर ठेवलं.

केरबानं ते उलटसुलट करून बघितलं. "आगं, ह्ये आमचं हाय. खंडेनवमीला चेरमननीच न्हेलतं. टोपी मोडलीया म्हणाले. बूच ठोकलं आन् मशीन टाकीपतूर पंचगंगंत घालून म्हशीगत धुतलं."

बोलून झाल्यावर त्याला दिसलं, की पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला चेअरमन दारातच उभा आहे.

"नियम तुमचाच हाय," मी चेअरमनला म्हटलं. "पाणी सापडलं की मालकानं आपल्या हातानं वतायचं."

तो हसला. त्याच्याबरोबर दुसरं कुणी हसलं नाही. म्हाताऱ्या बायडाबाईनं टेबलावरची आपली किटली उचलून परत खाली ठेवली. तिलाही त्यानं एकदा दूध ओतायला लावलं होतं.

"चेरमनचं वतून हू दे," ती म्हणाली. "मग माझं घाला."

तिच्यामागं एकेक किटली जमिनीवर टेकत गेली. बाहेर दुधाचा टँकर हॉर्न द्यायला लागला. तो कुणासाठी थांबत नसे. मोकळा गेला असता, तर गावाचं दूध नासलं असतं आणि गावानं चेअरमनला सोडलं नसतं.

"केरबा, वत ते," चेअरमन म्हणाला. केरबानं दोन्ही हात पाठीमागं नेले.

चेअरमननं दादाकडं बघितलं. "मशीन आणून लाव दारात. परत घेतो. झालं?"

दादाचा चेहरा फुलला. आम्हाला हवं होतं ते मिळालं होतं, आणि तो माझा हात धरून निघालासुद्धा. आई जागची हलली नाही.

"मशीन तर तू घेशीलच," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं त्याला अरे-तुरे केलं. "आदी वत."

हॉर्न वाजतच होता. चेअरमननं किटली उचलली आणि गटारीत उपडी केली. ऑइल पायरीवर सांडलं, त्याच्या विजारीवर उडालं. तो जायला वळला, तेव्हा आईनं पायानं बादली पुढं सरकवली.

"वास मारंल. पाणी मार आणि धुऊन काढ."

त्यानं रांगेकडं बघितलं. एकही किटली वर उचलली गेली नव्हती. त्यानं बादली ओतली. पाणी ऑइलवरून घसरून गेलं आणि पांढरा चिकट ओघळ आणखी पसरला. त्यानं दुसरी ओतली, मग खराटा घेऊन वाकून घासायला लागला. डाग वाढतच होता. माझ्या छातीत सात वर्षांनी गार वाटलं.

दादा म्हणाला, "आई, चल आता."

"थांब," आई म्हणाली. "माझं दूध एका बादलीत गेलतं. ह्येला किती लागत्यात, बघू दे की."