डाव्या वळणाची गाठ

श्रावणातली मेघमुक्त दुपार. खाडीवर वारा म्हणून नव्हता. नीलनिश्चल जळात माडांच्या सावल्या उलट्या उभ्या होत्या. किनाऱ्यावरच्या साऱ्या गलबतांचे दोर मौनमग्न होते. एकच दोर गुणगुणत होता.

तो हरचंद्र तांडेलाच्या गलबताचा. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणारे सहा दोर. पाच त्याने सकाळीच नवे बांधले. सहावा राहिला. राहिला कसला, त्याला हात लावायची छातीच होईना!

गेल्या वर्षीच्या तुफानात सुटला तो हाच दोर. थोरला भाऊ जयवंत सरपटत गेला. त्याने गाठ मारली. डोलकाठी तगली, हरचंद्र तगला, आणि पुढच्या लाटेने गाठ मारणारालाच नेले. देह सापडला नाही. जयवंत डावखुरा. साऱ्या बंदराच्या गाठी उजवीकडे वळत, त्याची एकट्याची डावीकडे. तेव्हापासून गलबत किनाऱ्यावरच उभे होते.

त्यांच्या घरची रीतच अशी, की दर्यात गेलेल्याच्या हातची गाठ सुटेपर्यंत तो गेला म्हणायचे नाही. म्हणून त्याच्या बायकोच्या, द्रौपदीच्या, कपाळी अजून कुंकू होते. ती रोज यायची आणि गाठीवर हात ठेवून परतायची.

पण काथ्या कुजला होता, आणि उद्या गलबत दर्यात जाणार होते. गाठ ठेवावी तर डोलकाठी कोसळणार. सोडावी तर वहिनीचे कुंकू जाणार. इकडे आड, तिकडे विहीर! हरचंद्राने डोळे मिटून गाठीत लोखंडी सळई घातली. गाठ तसूभर हलली नाही.

"रवांदे," मागून गाठीकडे बोट करत वहिनी म्हणाली. "ते हयसर आसत."

"वयनी, दोर कुसलो. उद्या काठी माझ्याच डोक्यार पडतली."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. जयवंताचेच नाक, जयवंताचेच खांदे.

"एक दर्यान नेलो. दुसरो देवचंय नाय."

ती पुढे झाली. लग्नापासून जे नाव तिने कधी ओठांवर आणले नव्हते, ते मोठ्याने घेतले.

"जयवंत तांडेल, सोडा आता."

गाठ सुटली. सळईला न बधलेली गाठ वहिनीच्या बोटांखाली अलगद उलगडली, आणि तिच्यातून ओंजळभर पाणी सांडले. पावसाचे म्हणावे, तर ते खारे होते. त्याच पाण्याने तिने कपाळ पुसले. गुणगुण थांबली.

हरचंद्र रडत रडत नवा दोर ओवू लागला. उजव्या हाताने त्याने गाठ मारली, आवळली, डोळे पुसले. पाहतो तर गाठ डावीकडे वळलेली! सोडायला त्याचा हात पुढे गेला.

"रवांदे," रित्या कपाळाची वहिनी म्हणाली.

वारा नव्हता. पाच दोर गप्प होते. सहावा हळूहळू, हळूहळू गुणगुणू लागला.