चारशे ऐंशी टोकं

मी क्रेडिट कार्ड बोलतोय. हसू नका. तुमच्या पाकिटात माझी भावंडं झोपली असतील, त्यांनाही ऐकू द्या. आज मला इतका आनंद झालाय की कुणाला सांगू नि कुणाला नको असं झालंय.

सोळा आकडे आणि अंगात एवढीशी चिप घेऊन मी एका शिंपीणबाईंच्या दारात उतरलो. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीशी कापायचं टेबल, कोपऱ्यात पायानं चालवायचं जुनं मशीन. बाईंनी मला उलटंसुलटं करून पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, हे दाखवलं की सामान देतात म्हणे."

पहिल्याच आठवड्यात आम्ही विजेवर चालणारं मोठं मशीन आणलं. पर्समधून मी नुसता डोकावलो की दुकानदार खुर्ची पुढे करायचा. फार चढून गेलो होतो हो मी तेव्हा!

महिन्यानं बिल आलं. त्यावर दोन आकडे होते, एक मोठा आणि एक चिमुकला. चिमुकल्याशेजारी लिहिलं होतं, किमान एवढे भरा. बाईंना हे अगदी ओळखीचं वाटलं. त्यांचं गिऱ्हाईकही कापड टाकताना थोडे पैसे ठेवायचं आणि उरलेले सवडीनं द्यायचं. उशीर झाला म्हणून बाईंनी जन्मात कुणाकडून व्याज घेतलं नव्हतं. "भली माणसं आहेत, थोडक्यावर भागवतात," असं म्हणत त्या दर महिन्याला चिमुकला आकडा भरायच्या आणि खुशाल माझ्यावर इस्त्री, पंखा, दोऱ्याची खोकी आणायच्या.

मला सगळं कळत होतं. पण मला तोंड कुठाय? आणि खरं सांगू का, मिरवायला मिळत होतं म्हणून मला त्याचं काही वाटतही नव्हतं. आता लाज वाटते.

दोन वर्षांनी पोस्टात नोकरी करणारी नणंद राहायला आली. तिनं बिल पाहिलं आणि स्टूल ओढून हिशेब मांडला. "वहिनी, मशीनची किंमत तुम्ही कधीच भरलीत. आणि तेवढंच देणं अजून उभं आहे."

"मग भरलेले गेले कुठे?"

"व्याजात."

बाईंनी बिल हातात घेतलं. मग हळूच म्हणाल्या, "वीतभर कापड वाया जाऊ देत नाही मी. आणि हे मला दिसलं नाही?"

नणंद म्हणाली, मशीन विका आणि मोकळ्या व्हा. एक माणूस येऊन मशीनभोवती दोन फेऱ्याही मारून गेला. पण त्याच सुमारास एका हॉटेलच्या वाढप्यांचे दोनशे चाळीस शर्ट बाईंकडे शिवायला आले. महिन्यात दिले तर देणं फिटणार, नाही तर मशीन जाणार. बाईंनी पदर खोचला. नणंदेनं मला पर्समधून काढलं आणि बटणांच्या डब्यात फेकलं. "याला आता काही काम नाही."

तर कॉलरची गोष्ट अशी की ती उलट बाजूनं शिवून उलटवली की टोकं आत दबून राहतात. ती बाहेर काढायला बाई घाईत कात्री घालायला गेल्या आणि पहिल्याच शर्टाची कॉलर फाटली. दुसरं काहीतरी शोधायला त्यांनी डब्यात हात घातला आणि हाताला लागलो मी! माझा कोपरा आत शिरला, जरासा रेटला, आणि टोक असं सुबक बाहेर आलं की बाई क्षणभर बघतच राहिल्या.

मग काय विचारता! दर शर्टाची दोन टोकं, म्हणजे चारशे ऐंशी टोकं. एकूण एक मी काढली. खडूनं पांढरा झालो, आकडे घासून पुसट झाले, घाम आला असता तर घाम गाळला असता. ज्यानं कर्ज केलं तोच ते फेडायला बसला होता, आणि मला तर नाचावंसं वाटत होतं.

शर्ट दोन दिवस आधीच गेले. मशीन न्यायला तो माणूस आला, तेव्हा बाईंनी टेप काढून त्याच्याच शर्टाचं माप घेतलं. बिचारा शिलाईचे आगाऊ पैसे ठेवून गेला.

आज सकाळी बाईंनी मोठा आकडा पुरा भरला आणि बँकेला फोन केला. पलीकडची मुलगी म्हणाली, "मॅडम, खातं बंद केलंय. कार्ड कापून टाका. की जास्त मर्यादेचं नवीन पाठवू?"

"नको गं बाळा. अंथरूण कळलंय आता माझं मला."

कापडाची कात्री दुसऱ्या कशाला लावत नाहीत, म्हणून स्वयंपाकघरातली आणली. माझा जीव घाबराघुबरा झाला. बाईंनी अंगावर खडूची रेघ मारली, चिप आणि आकडे एका बाजूला घेतले आणि कचकन कापलं.

"राहिलेलं पण कापा की, वहिनी," नणंद म्हणाली.

"ते कशाला? कामाचं माणूस आहे ते."

माणूस म्हणाल्या मला! तुमच्याकडच्या माझ्या भावंडांनाही बिलावरचा मोठा आकडा वाचून दाखवा, एवढंच मागणं. येतो आता. बाई हाक मारताहेत आणि समोर सहा कॉलर पडल्यात.